घरातला शब्द

रॉय हक्कोलाने डाव्या हाताने उजव्या हाताचं मधलं बोट उचललं आणि तर्जनीवर चढवून ठेवलं. खुणांच्या भाषेत त्याच्या स्वतःच्याच नावाचं पहिलं अक्षर होतं ते. डावा हात काढला की बोट घसरून परत जागेवर जायचं. समोर बसलेल्या डार्लाने थोडा वेळ हसू दाबलं आणि मग न राहवून बोलून गेली,

"अहो, चिकटपट्टी लावा त्याला."

खोलीतला दिवा दोनदा बंद होऊन चालू झाला. लूमिससर बटणापाशी उभे होते. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण ओठ हललेले त्यांना वर्गाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसत. त्यांनी फळ्यावरच्या ओळीकडे बोट दाखवलं. ती ओळ सप्टेंबरपासून कुणी पुसली नव्हती. 'या दाराच्या आत आवाज नाही.' डार्लाने कान पकडल्यासारखं केलं आणि पोरं निःशब्द हसली.

गावच्या कॉलेजातल्या या वर्गात चौदा जण होते. बहुतेक विशीतले, मोठ्या विद्यापीठात जायचं तर एक परभाषा लागते म्हणून आलेले. रॉय अडुसष्ट वर्षांचा होता आणि छत्तीस वर्षं गावच्या कागद कारखान्यात यंत्रावर काढून निवृत्त झाला होता. डार्ला शाळेची बस चालवायची. तिच्या बसमध्ये या वर्षी एक मुकी-बहिरी मुलगी येऊ लागली होती आणि रोज तिच्याकडे बघून नुसतं दात दाखवायचं डार्लाला लाजिरवाणं वाटत होतं. मंगळवार आणि गुरुवारी दुपारी दीड तास गप्प बसणं हा तिच्यासाठी कडक उपवास होता. तो ती मधल्या सुट्टीत कॉफीच्या यंत्रापाशी सोडायची. रॉय ऐकून घ्यायचा.

"माझं सगळं पुराण तुम्हाला पाठ झालं," एकदा ती म्हणाली. "तुम्ही का येता, ते काही सांगितलं नाहीत अजून."

"मुलगी आहे मला. ऐकू येत नाही तिला."

"अय्या, केवढी आहे?"

"छत्तीस पूर्ण होतील."

डार्लाचा कप ओठांपाशी तसाच राहिला. मग तिने एक घोट घेतला.

"आज यात साबण राहिलाय बहुतेक," ती कपात बघत म्हणाली.

तिने पुढे विचारलं नाही, हे रॉयला बरं वाटलं.

हेल्मी, त्याची मुलगी, दोन वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं की तिला ऐकू येत नाही. त्यानंतर मार्लीनने, त्याच्या बायकोने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं मांडून खुणांची भाषा शिकून घेतली. रॉयच्या पाळ्या असत, कधी दिवसाची तर कधी रात्रीची. तोही शिकणारच होता, फक्त जरा उसंत मिळायचा अवकाश होता. तो कामावरून यायचा तेव्हा दोघींचे हात चाललेले असत. तो विचारायचा, "काय म्हणतेय?" मार्लीन सांगायची. त्याचं उत्तर मार्लीन हातांनी पोचवायची. अशी चौतीस वर्षं गेली आणि कुणाचं काही अडलं नाही. गेल्या फेब्रुवारीत मार्लीन वारली. तेव्हापासून बापलेकीत फोनवरच्या दोन-दोन शब्दांच्या निरोपांपलीकडे काही उरलं नव्हतं. 'बर्फ काढलं का?' 'काढलं.' 'ठीक.'

पण तो कॉलेजात येऊन बसला त्याला आणखी एक कारण होतं आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात मार्लीनच्या घशात नळी होती. बर्फामुळे रस्ते बंद, हेल्मी तीन तासांच्या अंतरावर अडकलेली. शेवटच्या दुपारी मार्लीन नीट जागी झाली. तिने रॉयकडे बघितलं आणि उजव्या हाताने डावी बाही झटकल्यासारखं केलं. कोपरापासून खाली, दोनदा. थांबली. पुन्हा दोनदा. डाव्या हाताला सुई होती. रॉयने नर्सला बोलावलं. तिने सुई काढून दुसऱ्या हाताला लावली. मार्लीन तरी तेच करत राहिली. मग त्या जागी मलम लावलं, गरम पांघरूण आणलं. कागद-पेन्सिल दिली तर बोटांना ती पेलेना. ती त्याच्याकडे बघत होती आणि हात फिरवत होती. शेवटी रॉयने तिचा हात धरला आणि मान हलवून म्हणाला, "हो, हो. कळलं."

तिने डोळे मिटले. त्याला काही कळलं नव्हतं.

काय दुखत होतं तिला? की मुलीसाठी काही निरोप होता? वर्गाचं पुस्तक हाती आलं त्या दिवशी त्याने गाडीतच बसून ते शेवटच्या पानापर्यंत चाळलं. चित्रांतला एकही हात तसं करत नव्हता. मग त्याने ठरवलं, शिकता शिकता सापडेल. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. त्याला आठवड्याचे वार आले, रंग आले, नाती आली. परीक्षेत एकदा तर डार्लापेक्षा दोन गुण जास्त मिळाले आणि ती दिवसभर त्याच्याशी खोटं खोटं फुगून बसली. ती खूण मात्र आली नाही.

नोव्हेंबरात एका गुरुवारी वर्ग रिकामा होईपर्यंत तो थांबला. लूमिससर फळा पुसत होते. रॉय त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि बाहीवरून हात फिरवला. दोनदा.

सरांनी भुवया वर केल्या. पुन्हा करा. त्याने पुन्हा केलं. सरांनी खडू घेऊन लिहिलं, 'हा आपल्या भाषेतला शब्द नाही. घरातला असणार. प्रत्येक घरात असे चार-दोन असतात. घरच्यांना विचारा.'

रॉय ते वाचत उभा राहिला. सरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि तेवढ्या चार ओळी पुसून टाकल्या.

फोन हातात घेऊन तो दोन दिवस घरात हिंडला. शेवटी त्याने लिहिलं, 'दहा डिसेंबर, दुपारी दोन. कॉलेजचं उपाहारगृह. येशील?'

हेल्मीचं उत्तर लगेच आलं. 'येते.'

कशाला म्हणून तिने विचारलंच नाही, याचं त्याला नवल वाटलं.

सत्राची शेवटची परीक्षा अशी होती की उपाहारगृहात गावातली ऐकू न येणारी माणसं बोलवायची, एकेका टेबलावर एकेक पाहुणा, आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्याशी दहा-दहा मिनिटं गप्पा मारायच्या. दिवा बंद-चालू झाला की पाहुण्यांनी टेबल बदलायचं. हेल्मी आली ती बुटांवरचं बर्फ झाडत, लूमिससरांना मिठी मारून आणि तिथल्या निम्म्या माणसांना हात करून. मग रॉयच्या समोर येऊन बसली. तो पंधरा दिवस पाठ केलेली वाक्यं विसरला.

"मी," त्याने हातांनी सांगितलं. "शिकतो. इथे."

"माहीत आहे."

"कधी?"

"सप्टेंबर. सर आणि मी एका शाळेतले." तिचे हात सावकाश चालत होते, त्याच्यासाठी. "तुमचं पहिलं अक्षर घसरतं, तेसुद्धा माहीत आहे."

त्याला हसू आलं. मग त्याने विचारलं,

"का नाही सांगितलं?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

शेजारच्या टेबलावर डार्ला एका पांढऱ्या केसांच्या बाईला हातवारे करून बसची काहीतरी गोष्ट सांगत होती. गोष्टीत बस घसरली असावी, कारण खुर्चीसकट डार्ला कलली होती. रॉयने क्षणभर तिकडे बघितलं आणि पुन्हा लेकीकडे वळला. दहातली चार मिनिटं तरी गेली होती.

"आई," त्याने खूण केली. "दवाखाना." आणि बाहीवरून हात फिरवला. कोपरापासून खाली, दोनदा.

हेल्मीचे हात टेबलावर उतरले.

"आईने केलं?"

"खूप वेळा. मला कळलं नाही." आणि मग त्याने तो प्रश्न विचारला, जो दहा महिने त्याच्यासोबत उठत-बसत होता. "दुखत होतं?"

तिने मान हलवली. नाही. मग त्याच्याकडे बोट दाखवलं.

त्याला समजलं नाही. तिने पुन्हा बोट दाखवलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगू लागली. जिथे त्याला खूण येत नव्हती तिथे अक्षर-अक्षर करून.

"तुम्ही कामावरून यायचात. दारात उभे राहायचात. बाहीवर कागदाची धूळ. पांढरी. ती झटकायचात, मग आत." तिने दोनदा बाही झटकली. "मी तीन वर्षांची होते. हे नाव मी ठेवलं. तुमचं."

"नाव?"

"बाबा झोपलेत. बाबांना विचार. बाबा रागावतील." प्रत्येक 'बाबा'ला तिचा हात बाहीवरून उतरत होता, सवयीने, किती सहज. "रोज म्हणायचो. जेवताना, तुमच्यासमोर."

रॉयने स्वतःच्या बाहीकडे बघितलं. लोकरीची तपकिरी बाही होती, स्वच्छ.

"पुढे काय म्हणाली?" हेल्मीने विचारलं. "नावानंतर?"

त्याने आठवून बघितलं. पुढे काही नव्हतं. फक्त तेवढंच, पुन्हा पुन्हा.

"काही नाही," त्याने सांगितलं.

"मग हाक मारत होती."

त्याने खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, तो घडी करून परत ठेवला आणि तरी हातांना काही करायचं सुचेना. हेल्मीने त्याच्यासमोरचं पाणी त्याच्याकडे सरकवलं. तो प्याला. तिने डोळे कोरडे करून हाताच्या पाठीने नाक पुसलं, थेट मार्लीनसारखं.

दिवा बंद झाला आणि चालू झाला. खुर्च्या सरकल्या. सर दारापाशी हातात घड्याळ घेऊन उभे होते आणि नियम म्हणजे नियम. हेल्मी उठली, बापाच्या खांद्यावर हात टेकला आणि शेजारच्या टेबलावर डार्लासमोर जाऊन बसली. पांढऱ्या केसांची बाई रॉयकडे आली. तिने नाव सांगितलं, त्याने त्याचं सांगितलं, बोट घसरलं तरी तिला ते वाचता आलं. तुम्ही कुठे काम करायचात, तिने विचारलं. त्याने कागद सांगितलं, यंत्र सांगितलं, छत्तीस सांगितलं.

तिने उत्तर द्यायला हात उचलले तेव्हा तिच्या खांद्यावरून त्याची नजर पलीकडे गेली. डार्ला पुढे वाकून विचारत होती आणि हेल्मी तिला काहीतरी रंगवून सांगत होती, भराभर. इतकं भराभर की त्यातलं एक अक्षर त्याच्या हाती लागलं नसतं. मग तिचा हात कोपरापासून खाली उतरला, दोनदा, आणि डार्लाने वळून त्याच्याकडे बघितलं.

आपल्याबद्दल बोलणं चाललंय, एवढं रॉयला इथून कळलं.