तीट नसलेली फाइल

आमचं साडीचं डिझाइन चोरीला गेलं, आणि शेठच्या डोक्यात भिकनदादांचं नाव भरवलं ते माझ्याच नवऱ्यानं, ललितनं. "फ्लॉपी मिलवर तोच नेतो. दुसरं कोण देणार?" हे म्हणाले.

शेठच्या कतारगामच्या खोलीत कॉम्प्युटर एकच. सकाळी त्यावर मी डिझाइनं काढायची, संध्याकाळी हे बसायचे. तयार फ्लॉपी भिकनदादा सायकलवरून बमरोलीच्या मिलमध्ये पोचवायचे. आमच्याच शिरपूरकडचे, अगदी देवमाणूस.

मी पोचले तोवर त्यांचा ओठ फोडला होता शेठच्या माणसांनी. माझं टाळकंच फिरलं.

"हात आवरा आधी!" मी ओरडले. "आपलं डिझाइन जिच्याकडे गेलं, त्या कंपनीची फ्लॉपी मिळालीये ना? लावा ती नि दादांनी नेलेली, दोन्ही फायली समोरासमोर!"

"जाऊ दे ना, नूतन," हे हळूच म्हणाले. "कशाला नादी लागतेस?"

मी ऐकते होय! काळ्या पडद्यावर एफसी, म्हणजे तुलना करायची आज्ञा, टाइप केली, पुढे दोन्ही फायलींची नावं दिली आणि एंटर दाबलं. जिथे फरक असेल तेवढंच कॉम्प्युटर दाखवतो. एकच ओळ उमटली. एका ठिपक्याचा फरक.

"जोयुं? बघितलंत?" शेठ गरजले. "चोरी लपवायला ठिपका बदलला यानं!"

तो ठिपका माझा होता. बाळाला तीट लावतात ना, तशी मी प्रत्येक डिझाइनला पदराच्या कोपऱ्यात लावायची, दृष्ट लागू नये म्हणून. हसतील म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. तीही अगदी शेवटी, सकाळी दादा दारात येऊन उभे राहिले की. दादांनी नेलेल्या फ्लॉपीत तीट होती. चोरीच्या फायलीत नव्हती. म्हणजे ती आदल्या संध्याकाळीच या कॉम्प्युटरवरून निघाली होती.

मी वळून बघितलं. यांनी मान खाली घातली.

मी गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण असा संताप आला! चोरीचा नाही हो. दादांच्या डब्यातली भाकरी रोज खाऊन हा माणूस त्यांना मार खाताना बघत उभा राहिला, त्याचा.

"दादांना सोडा," मी म्हणाले, आणि शेठना तीट दाखवून सगळं सांगितलं.

शेठच्या माणसांनी यांना खाली नेलं. जिन्यातून मारल्याचे आवाज येत राहिले. भिकनदादा माझ्यापुढे हात जोडून, मी का बोलले म्हणून रडायला लागले.

"काबर बोलनी वं बहिन? माले चार टोला पडतात नि मी गावले निंघी जातू. तुले ते आते त्याच घरमा ऱ्हानं शे."