चाकाखालची वीट

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. पण जुनी म्हणजे मोडकी, असं समजायची घाई करू नका. एकोणीसशे अठ्ठावीस साली बोटीतून मुंबईच्या धक्क्यावर उतरले, तेव्हापासून अंगावर दुसरा रंग चढवून घेतलेला नाही. जिथं खरचटलं, तिथं खरचटलेलीच आहे.

अंबरनाथच्या एका कारखान्यातले अधिकारी शशिकांतराव माझे मालक. त्यांनी मला लग्नाआधी घेतलं, तेव्हा दोन जागा म्हणजे चैन होती. पुढे माणसं झाली पाच, जागा दोनच राहिल्या. दोघी मुली कुंदावहिनींच्या मांडीवर, आणि शशिकांतरावांच्या आई, माई, मागच्या उघड्या डिकीत छत्री धरून. बदलापूर येईपर्यंत माईंचे पांढरे केस मातकट व्हायचे. "मिरवणूक माझी आणि वाजंत्री गाडीची," म्हणत त्या हसायच्या.

मग माईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धुळीला मनाई केली. कुंदावहिनींनी सांगून टाकलं, "टपाची गाडी आणा. माईंना मागे ठेवून मी कुठंही यायची नाही."

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या हासोमलशेठांकडे तशी टूरिंग गाडी होती. चार दारं, दोन लांब बैठका, वर टप. शेठांचा पापडांचा धंदा. ती रुंद गाडी त्यांच्या गल्लीत अडकायची. अदलाबदल ठरली, पण शेठ म्हणाले, "गाडी चालू पाहिजे. नहीं तो पुर्जे निकालके बेच दूँगा."

इथंच घोडं अडलं. माझा सेल्फ स्टार्टर कधीचाच गेलेला. हँडल मारलं की शशिकांतरावांचा खांदा धरायचा. म्हणून ते मला उतारावर लावत, चाकाखाली वीट. वीट काढली की मी घरंगळत सुरू. त्या सकाळी त्यांनी मला घरापुढच्या उतारावर उभी केली आणि विटेवर गोणपाट टाकलं. शेठ आले, त्यांनीही गाडी नेमकी माझ्यामागे लावली.

"बघा शेठ, लगेच सुरू होते," शशिकांतराव म्हणाले.

"शशी, ते गोणपाट काढ," पायरीवरून माई म्हणाल्या. "शेठ, ही उतारावर सुरू होते, सपाटीला नाही. घ्यायची तर हे ऐकून घ्या."

शशिकांतरावांचा चेहरा पडला. मला माझे पुर्जे बाजारात मांडलेले दिसू लागले.

शेठांची नजर हळूच स्वतःच्या गाडीकडे वळली. कुंदावहिनींची नजर तिच्या मागोमाग. "शेठ, तुमच्या चाकाखाली काय आहे?"

"ईंट है, भाभी," शेठ ओशाळून म्हणाले. "आपके घर के सामने ढलान देखी, तो सोचा काम हो जाएगा."

माईंना हसू आवरेना. "चला, दोन्ही पक्ष सारखेच. आता व्याही व्हायला हरकत नाही. पण हिला मोडायचं नाही हं."

"माई, जो ऐब बताकर दे, उसकी चीज़ कौन तोड़ेगा?"

शेठांनी शब्द पाळला. आज माझ्या डिकीत पापडांच्या टोपल्या असतात. रविवारी टूरिंग गाडी कधी कॅम्पात येते. मागच्या बैठकीवर टपाखाली माई ऐसपैस बसलेल्या, हातात छत्री नाही. उतरून त्या माझ्या मडगार्डवर हात फिरवतात.

मित्रांनो, कॅम्पात उतार नाही. तरी मी रोज सुरू होते, कारण शेजारचे चौघे येऊन ढकलतात. जुन्या वस्तूला वेळेवर तेलपाणी करा, आणि तिची खोड लपवू नका. खोड ठाऊक असली, की ढकलायला माणसं मिळतात.