पासवर्ड धाकटीकडे होता

जिन्याखालच्या कोनाड्यातला संगणक दोघी जावांचा होता. सकाळी थोरली त्यावर एका प्रकाशकाची प्रुफं तपासायची, दुपारी धाकटी औषधांच्या खोक्यांची डिझाइनं करायची. दोघींनी अबोला धरून वर्ष होत आलं होतं. कारण म्हटलं तर एवढंसं. तपासत आणलेलं अख्खं प्रकरण सेव्ह न करता थोरली गॅस बंद करायला उठली, आणि अडकून पडलेलं यंत्र धाकटीने बटण दाबून बंद केलं. थोरली रागाच्या भरात म्हणून गेली, "मुद्दाम केलंस." संध्याकाळी धाकटीने दोघींची खाती वेगळी केली आणि मुख्य पासवर्ड बदलून टाकला.

आता यंत्र फारच रडकुंडीला आलं होतं. खातं उघडायला घेतल्यावर भाजी चिरून व्हायची, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं.

"दोन नवीन घेऊन टाकू," जेवताना थोरलीचा नवरा म्हणाला. "एक वर, एक खाली. रविवारी जातोच दुकानात."

थोरलीला ते रुचलं नाही. धाकटी वरच्या मजल्यावर राहायची. दुपारी पाळी बदलताना ती जिन्यात थांबायची, थोरली चष्मा उचलून बाजूला व्हायची. दिवसभरात दोघी समोरासमोर यायच्या त्या तेवढ्याच. वर एक आणि खाली एक आला की तेही संपणार होतं.

दुसऱ्या दिवशी तिने प्रुफं बाजूला ठेवली आणि संगणकाच्याच सेटिंग्ज उघडून बसली. वेगळं काही आणायचं नाही, आत जे आहे त्यानेच बघायचं, असं तिने ठरवलं. स्टोरेजमध्ये पाहिलं तर डिस्क काठोकाठ भरलेली. तिच्या रिसायकल बिनमध्ये कित्येक वर्षांची प्रुफं तशीच पडून होती. ती तिने कायमची काढली, तात्पुरत्या फाइलींवरही हात फिरवला. मग टास्क मॅनेजर उघडला. यंत्र सुरू होताच आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम तिथे दिसत होते. त्यात तीन 'वेग वाढवणारे' होते. खाती वेगळी होण्याआधी जाहिराती पाहून तिनेच ते हौसेने टाकले होते, आणि आता तिघे मिळून यंत्राचा जीव खात होते.

पहिला काढायला गेली, तर पडद्याने पासवर्ड मागितला.

तिने चष्मा काढून ठेवला. मग जिना चढून वर गेली. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पासवर्ड हवा होता," थोरली दारातूनच म्हणाली. "काही प्रोग्रॅम काढायचेत."

धाकटीने हातातली घडी पुरी केली. "येते," म्हणाली.

धाकटी खुर्चीत बसली, थोरली मागे उभी राहिली. धाकटीने यादीवरून नजर फिरवली.

"हे तिन्ही कुणी टाकले?"

"मीच."

"मला वाटलं भावजींनी." धाकटीने पासवर्ड टाकला आणि एकेक करून तिन्ही काढले. मग टास्क मॅनेजरमध्ये पुन्हा पाहिलं, आणि तिचा हात थबकला. "माझं खातं मागे चालूच असतं, ताई. मी नुसता पडदा बंद करून जाते. चित्रांचा प्रोग्रॅम आत तसाच उघडा. तुमच्या सकाळच्या कामात तोच अर्धी मेमरी खातो."

"तुला माहीत नव्हतं?"

"आज बघितलं."

तिने आपलं काम सेव्ह करून खातं बंद केलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. ते लगेच उघडलं असं नाही, पण उघडलं, आणि पहिल्या क्लिकला हललं. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या.

"त्या दिवशी," धाकटी म्हणाली, "तुमची फाइल उघडी आहे हे मला दिसलंच नव्हतं. पडदा पांढरा झाला होता."

थोरलीने मान हलवली. "मी बोलायला नको होतं तसं," ती म्हणाली. आवाज थोडा कोरडाच आला. धाकटीने पासवर्ड सांगितला, थोरलीने तो एकदा पुटपुटून लक्षात ठेवला, आणि विषय तिथेच राहिला.

रविवारी थोरलीचा नवरा पायात चपला घालून उभा राहिला तेव्हा थोरलीने सांगितलं, तूर्तास नको, चालतंय.

"आणि तिचं काय?" त्याने वर बोट दाखवलं.

"तिचंही चालतंय."

त्याने चपला काढल्या. दुपारी थोरली खुर्चीतून उठली, पण चष्मा घेऊन आत गेली नाही. धाकटीने नव्या खोक्याचं चित्र उघडलं होतं. "मजकूर जरा बघता?" तिने विचारलं. थोरलीने स्टूल ओढून घेतलं आणि चष्मा लावला. 'जेवणानंतर' मधला 'न' दोनदा पडला होता.