डोंग्यातला पिवळा पालक

मित्रांनो, कोंढा गावात श्यामराव गुरुजींच्या घरामागे सिमेंटचं एक टाकं आहे. त्याच्या काठाशी दोन दगडांवर एक लांबोडकं, काळं पडलेलं लाकूड टेकवलेलं दिसेल. तो मी, एक जुना डोंगा, म्हणजे खोडातून कोरलेली होडी. पाण्यात तरंगायचं सोडून मी अंगणात काय करतो, असं तुम्हाला वाटेल. तेच सांगणार आहे. गोष्ट आनंदाची नाही. पण ती एका लहान मुलीची आहे, म्हणून ऐका.

बुधराम ढिवरानं मला आंब्याच्या अखंड खोडातून कोरलं. वीस दिवस लाकूड तासायची त्याची वाकस माझ्या पोटात चालत होती. मग गावच्या तळ्यात मी बारा-तेरा वर्षं काढली. जाळी वाहिली, शिंगाड्याच्या टोपल्या वाहिल्या, एकदा तर पुरात अडकलेली बकरीसुद्धा वाहिली. माझ्या अंगावर शेवाळ चढलं, तळाशी बोटभर चिखल साचला. लोक म्हणत, "बुधराम, डोंगा घासत जा ना रे कधी!" तो हसून म्हणे, "घासून का त्याले लग्नात न्याचं हाये?"

पुढे माझ्या तळाला भेग पडली. बुधरामही थकला आणि गेला. त्याच्या सुनेनं, भागीरथानं, मला झोपडीमागे पालथं टाकलं. पाठीवर कोंबड्या बसत. तीन उन्हाळे मला कोणी विचारलं नाही.

चौथा उन्हाळा त्र्याहत्तर सालचा होता. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता. धान पोचट निघालं होतं. विहिरींनी तळ गाठला आणि भाजीचे वाफे करपले. मुंगन्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडांना पालाही उरला नाही, लोकांनी तोही ओरबाडून शिजवला.

गुरुजींची बायको सुलोचना नागपूरला कॉलेजात शिकलेली. तिची चार वर्षांची रुखमा दिवसा घरभर हिंडे, पण दिवेलागण झाली की उंबऱ्याला ठेचकाळे. आजीच्या मांडीवर बसायला जाई आणि शेजारच्या पाटावर बसे. बाकीचे हसत. सुलोचना हसली नाही. ती तिला घेऊन पवनीला डॉक्टरांकडे गेली.

"रातांधळेपणा आहे," डॉक्टर म्हणाले. "हे माशाचं तेल पाजा. संपलं की लगेच परत आणा. आणि रोज हिरवी पालेभाजी द्या. हयगय केली तर डोळा जाईल."

रोज हिरवी भाजी, तीही त्या उन्हाळ्यात! सुलोचनाला तिच्या शिकण्यातली एक गोष्ट आठवली. माशांच्या घाणीवर झाडं पोसतात. तेच पाणी झाडांना घालायचं, झिरपलेलं पुन्हा माशांना द्यायचं. पाणी वाया जात नाही. तिनं भागीरथाकडून मला मागून आणलं, टाक्याच्या काठावर ठेवलं आणि वैनगंगेच्या खड्यांनी माझं पोट भरलं. टाक्यात मांगूर मासे सोडले. खड्यांत पालक पेरला. टाक्यातलं पाणी ती तांब्यानं माझ्यात ओती आणि माझ्या भेगेतून ते थेंबथेंब खाली टाक्यात जाई. ज्या भेगेनं मला निकामी केलं होतं, तीच आता कामाची झाली. मला फार बरं वाटलं.

तिची सासू चंद्रभागाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "मासोळीच्या मुतावर पालक! सुलोचना, हेच शिकाले गेली होतीस का नागपूरले?"

"मामीजी, महिनाभर बघा तर खरं."

पालक उगवला. दोन पानं आली, चार आली. मग थांबला. दोन बोटांच्या वर जाईना. पानं लिंबासारखी पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या.

सुलोचनानं काय नाही केलं! ऊन जास्त होतंय म्हणून मला काठावरच निंबाच्या सावलीकडे सरकवलं. मग सावली जास्त झाली म्हणून परत उन्हात आणलं. बी जुनं असेल म्हणून पवनीच्या बाजारातून नवं आणलं. मासे कमी पडत असतील म्हणून आणखी सोडले. आणि दर तिसऱ्या दिवशी ती माझे सगळे खडे उपसून काढी, उकळत्या पाण्यानं धुई आणि विहिरीत टाकतात ती लाल दवा कालवून पुन्हा खंगाळी. माझा तळ काथ्यानं घासून काढी. खडे चकचकीत होत. पालक आणखी पिवळा होई.

तिला नावं ठेवू नका. दोन वर्षांपूर्वी तिचा तान्हा मुलगा हगवणीनं गेला होता. गढूळ पाण्यानं गेला, हे तिच्या मनात खिळ्यासारखं रुतून बसलं होतं. तिला बुळबुळीत काही दिसलं की तिचे हात आपोआप घासायला लागत.

एक दिवस भागीरथा मासोळीची टोपली घेऊन आली. तिनं खडे हातात घेऊन बघितले.

"मास्तरीनबाई, हे काहून धुऊन राहिली तू?"

"घाण साचते ना."

"साचू दे की! आमी नवीन बोडीत, लहान तळ्यात, मासोळी सोडतो, तं जुन्या तळ्याचा चिखल आधी टाकतो. दुधाले विरजण नाही लागत का? तसं पाण्याले बी लागते. आणून देऊ का टोपलंभर?"

"नको, नको!" सुलोचना एकदम मागे सरली. "तळ्याचा चिखल घरात? माझं एक लेकरू गेलंय, भागीरथा."

भागीरथानं खडे परत ठेवले. टोपली उचलून निघून गेली.

मित्रांनो, ती अगदी बरोबर सांगत होती. माशांची घाण झाडाला जशीच्या तशी खाता येत नाही. खड्यांवर जो बुळबुळीत थर धरतो, त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते त्या घाणीचं खत करतात. तो थर धरायला तीन-चार आठवडे लागतात. सुलोचना तो तिसऱ्या दिवशी धुऊन टाकत होती आणि वर लाल दवेनं मारत होती. मी आयुष्यभर त्या थरात राहिलो होतो. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड नव्हतं.

तेलाची बाटली संपली. गुरुजी म्हणाले, "जाऊन येऊ पवनीला." सुलोचना म्हणाली, "या आठवड्यात पालक येईलच. मग पुढच्या सोमवारी जाऊ." पुढचा सोमवार आला आणि गेला. असे तीन सोमवार गेले. रोज सकाळी ती माझ्यावर वाकून पानं बोटांनी मोजायची.

चैत्र संपताना रुखमाला गोवर निघाला. चंद्रभागाबाईनं दाराला निंबाचा डहाळा बांधला. "देवी माय आली हाये पोरीच्या अंगात. आता दवा नाही, भाजी नाही अन् उजेड नाही." सुलोचना भांडली. पण पोर तापानं फणफणली होती, उजेडाकडे बघवतच नव्हतं तिला. खिडकीला गोधडी लावली. नऊ दिवस रुखमा त्या काळोखात पडून होती. तिचे डोळे मिटलेले होते, आणि ते कोणी उघडून बघितले नाहीत.

दहाव्या दिवशी आईनं तिला कडेवर घेऊन अंगणात आणलं. माझ्यापासून चार हातांवर. उन्हात तिचं तोंड वर केलं आणि सासूला हाक मारली. उजव्या बुबुळावर दुधासारखा पांढरा पडदा आला होता.

"काय झालं वो?" चंद्रभागाबाई धावत आली. तिनं बघितलं आणि आत जाऊन खिडकीची गोधडी ओढून काढली.

त्याच दुपारच्या बसनं गुरुजी, सुलोचना आणि रुखमा तिघं भंडाऱ्याला गेली. दवाखान्यात बावीस दिवस राहिली.

घरी चंद्रभागाबाई एकटी होती. ती रोज सकाळी तांब्याभर पाणी माझ्यात ओती, पण खडे काही धुई नाही. दुसऱ्याच दिवशी भागीरथा चौकशीला आली तेव्हा म्हणाली, "आत्या, टाकू का आता चिखल?"

"टाक माय," म्हातारी म्हणाली. "आता कोण हाये नाही म्हणाले?"

आठ-दहा दिवसांत माझ्या खड्यांवर ओळखीचा बुळबुळीतपणा आला. पंधराव्या दिवशी पालकाची नवी पानं हिरवी निघाली. विसाव्या दिवशी ती तळहाताएवढी झाली. मित्रांनो, मी इतका भरलेला कधीच नव्हतो, आणि मला कधी इतकी लाजही वाटली नव्हती.

तिघं परत आली. रुखमाच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. तो डोळा कायमचा गेला होता. डावा वाचला होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सुलोचनाला विचारलं होतं, "तेल संपल्यावर लगेच का दाखवलं नाही?"

तिनं माझ्याकडे बघितलं. हिरवागार पालक वाऱ्यानं हलत होता. ती माझ्याजवळ वाकली. मग तिनं खड्यांत बोट घातलं, बोटाला लागलेला काळा गाळ बघितला.

"मी धुतलं म्हणून," ती म्हणाली.

"म्याच खोलीत काळोख केला होता," चंद्रभागाबाई म्हणाली. सुलोचनानं जुडी खुडली. भाजी शिजवली. रुखमा मुकाट्यानं जेवली. तिला पालक मुळीच आवडत नव्हता, हे तेव्हा कळलं.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. सुलोचना रोज दिवेलागणीला गल्लीच्या तोंडाशी उभी राहते आणि घरी जाणाऱ्या लेकरांची पावलं बघते. कोण भिंत चाचपतं, कोण अडखळतं. काही बाया पदराआड मुलं ओढतात. "मास्तरीन नजर लावते," म्हणतात. भागीरथा मात्र त्यांना सुनावते, "लावू द्या! तिनं पाहिलं म्हणून माह्या नातवाले त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळे साबूत हायेत त्याचे."

म्हणून एवढंच मागतो. जिवंत गोष्टीची काळजी घ्यायची तर आधी तिच्याबरोबर राहिलेल्या माणसाला विचारा. आणि डॉक्टरांनी लगेच या म्हटलं असेल, तर ते पुढच्या सोमवारावर टाकू देऊ नका. सुलोचनाबाई तुम्हाला कधी संध्याकाळी थांबवेल, हातात काहीतरी धरेल आणि विचारेल, "सांग बरं, हे काय आहे?" मुलं भीतीनं अंदाजानंच काहीतरी सांगतात. तुम्ही तसं करू नका. दिसत नसेल तर "दिसत नाही" म्हणा. पुढचं ती करेल.