थिओडोराचा एकमेव जखमी

थिओडोरा सध्या लंडनजवळ डेप्टफर्डच्या चिखलात कोळशाचं कोठार म्हणून उभी आहे आणि खरं सांगायचं तर आजवर केलेल्या तीन नोकऱ्यांपैकी हीच तिला जमली आहे. कोठाराला कुठे जायचं नसतं, कुणाशी लढायचं नसतं आणि काही पकडायचंही नसतं. पहिल्या दोन्ही नोकऱ्यांत मी तिच्यावर होतो. माझं नाव जेबेझ ट्रंडल. मी पिंपं बांधतो. आरमारात पाण्याची आणि खारवलेल्या मांसाची बांधली, देवमाशांच्या धंद्यात तेलाची. माझ्या डाव्या हाताचं एक बोट अर्धंच आहे. सगळा घोळ त्या बोटाने केला, म्हणून आधी त्याची हकिगत सांगतो.

थिओडोरा म्हणजे राजाच्या आरमारातली स्लूप. अठरा तोफांची, लहान चणीची, मोठ्या युद्धनौकांचे निरोप पोचवत पळणारी. बोनापार्टशी युद्ध चाललं होतं तेव्हा अकरा वर्षं ती फ्रान्सच्या किनाऱ्यासमोर येरझारा घालत होती. त्या अकरा वर्षांत तिने आपल्याच बाजूच्या तीन जहाजांना धडक दिली, एकदा नांगर हरवला आणि एक लढाई केली. कप्तान होते ऑगस्टस पेलिंग. उंच, ताठ, आणि हनुवटी इतकी वर की पायाखालचा दोर त्यांना कधी दिसला नाही. त्या दोराला अडखळून ते पडले की दोर ठेवणाऱ्याला फटके बसायचे.

लढाई झाली नोव्हेंबरच्या तीन तारखेला, भर सकाळी, दाट धुक्यात. समोर काहीतरी काळं, उंच दिसलं. कप्तानांनी ओरडून विचारलं, "कोण आहे?" उत्तर नाही. उत्तर न देणारा तो फ्रेंचच, असं म्हणून त्यांनी तोफा डागायला सांगितल्या. समोरूनही धडाम्‌ असा आवाज आला. आम्ही पुन्हा डागल्या, समोरूनही पुन्हा धडाम्‌. हे चाळीस मिनिटं चाललं. मी खाली पिंपाची फळी तासत बसलो होतो. पहिल्या तोफेच्या आवाजाने दचकलो, हातातला वाकस सटकला आणि बोट गेलं.

रक्ताळलेला हात धरून मी वर आलो तेव्हा धुकं जरा विरळ झालं होतं. समोर एक खडक होता. त्याच्या टोकावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. कप्तानांनी दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं, दुर्बीण मिटली आणि म्हणाले, "शत्रू धुक्याचा फायदा घेऊन पळाला." मग धुकं पुन्हा दाटलं आणि तेवढ्यावर मिटलं.

खलिता लंडनला गेला. चाळीस तोफांच्या फ्रेंच फ्रिगेटशी, म्हणजे आमच्या दुप्पट युद्धनौकेशी, झुंज, शत्रूची मोठी हानी, आमच्याकडे मृत कुणी नाही, जखमी एक: जेबेझ ट्रंडल, पिंपवाला. सरकारी गॅझेटात ते छापून आलं. माझ्या खानदानात कुणाचं नाव चर्चच्या वहीबाहेर कधी लिहिलं गेलं नव्हतं. बायकोने, केझायाने, तो कागद कापून चुलीवरच्या भिंतीला लावला. पोरगी डॉर्कस तेव्हा तीन वर्षांची. ती माझं अर्धं बोट हातात धरून म्हणायची, "बाबा, फ्रिगेटची गोष्ट." मी सांगायचो. दर सुट्टीला फ्रिगेट थोडी मोठी व्हायची. मला काही लाज वाटत नव्हती. उलट फार मजा यायची.

मग बोनापार्ट हरला आणि आरमाराला एकदम एवढी जहाजं नकोशी झाली. तोफा काढून थिओडोरा विकली गेली. लंडनच्या एका व्यापाऱ्याने ती देवमाशांच्या शिकारीसाठी घेतली. डेकवर चरबी वितळवायची विटांची भट्टी बांधली, खाली माझी पिंपं रचली. पेलिंगसाहेब घरी बसून कंटाळले होते. त्यांनी बायकोच्या माहेरचा पैसा जहाजात घातला आणि त्या बदल्यात कप्तानपद मागून घेतलं. देवमासा त्यांनी तोवर फक्त चित्रात पाहिला होता.

मला त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं. "ट्रंडल, त्या दिवशीचा तू एकटाच उरलास. तू हवासच." मी पाघळलो. त्याच सुमारास डॉर्कसला ताप येऊन गेला होता आणि तिचे केस मुळापासून कापावे लागले होते. अकरा वर्षांची पोर डोक्यावर फडकं बांधून धक्क्यावर आली. त्या अकरा वर्षांत मी तिच्याजवळ सगळे मिळून चौदा आठवडे राहिलो होतो.

"कधी येणार, बाबा?"

"तुझे केस कमरेला टेकायच्या आत."

"नक्की?"

"अगं, फ्रिगेटला नमवलंय मी. मासे ते काय!"

ती हसली आणि डोक्यावरून हात फिरवून केस वाढायला लागले का ते बघू लागली. मला घरी जायचं होतं ते एवढ्यासाठी. पण देवमाशांच्या जहाजाचा नियम असा की पिंपं भरल्याशिवाय परत यायचं नाही, मग दोन वर्षं लागोत की दहा.

आणि पिंपं भरतील कशी? देवमाशाचा कान भारी तिखट. म्हणून त्याच्या जवळ जाताना जाणती माणसं वल्हीसुद्धा बाजूला ठेवतात, खोकला आला तर टोपी तोंडात कोंबतात. आमच्या जहाजावर दर अर्ध्या तासाला आरमारी घंटा. सूर्यास्ताला तोफ, कारण कप्तानांनी दोन तोफा ठेवून घेतल्या होत्या. बाकीच्या तोफांच्या जागी बाजूला काळे चौकोन रंगवले होते. होड्या खाली सोडल्या की वल्ही उभी धरून कप्तानांना सलामी द्यायची आणि मगच निघायचं. तोवर देवमासा क्षितिजापलीकडे. संध्याकाळी जहाजाच्या वहीत लिहिलं जायचं, "शत्रू दिसला. शत्रूने माघार घेतली."

एकदा चुकून एक मासा मिळाला तर चरबी वितळवायच्या आधी त्यांनी डेक घासायला लावला. चरबी कुजली. वारा पडला होता, त्यामुळे तो वास आठवडाभर आमच्याबरोबरच राहिला.

आमचा मेट होता अमेरिकेतल्या नॅनटकेट बेटावरचा शुबेल वर्थ. मेट म्हणजे कप्तानांच्या खालोखालचा अधिकारी, आणि देवमासा मारण्यात ज्याचं आयुष्य गेलं असा माणूस. सुरुवातीला तो गोडीत बोलायचा.

"कप्तानसाहेब, ती घंटा तेवढी बंद ठेवू या. मासे बिथरतात."

"मिस्टर वर्थ, या घंटेने फ्रिगेट बिथरली नव्हती."

"फ्रिगेटला कान नसतात, साहेब."

बावीस महिने झाले. माझी पिंपं रिकामीच होती आणि उन्हाने त्यांच्या फळ्या आकसायला लागल्या. मी त्यांत समुद्राचं पाणी भरून ठेवत होतो. डॉर्कसचे केस आता खांद्याला लागले असतील, असा हिशेब करत मी पट्ट्या ठोकायचो. शेवटी एका रविवारी, प्रार्थना आटोपून कप्तान जेवणानंतर घोरत असताना, मी घंटेचा लोलक काढला, एका पिंपात टाकला आणि वरून झाकण ठोकून टाकलं. पिंपवाल्याच्या पिंपात कोण बघतो?

त्याच दुपारी देवमाशांचा मोठा कळप दिसला. घंटा मुकी, कप्तान अजून झोपेत. वर्थने सलामी-बिलामी गुंडाळून होड्या सोडल्या आणि ते उठेपर्यंत तीन मासे मारले. भट्टी पेटली, माणसं काळीकुट्ट, तेलकट आणि आनंदाने वेडी झाली. मी पाच-सहा माणसांचं काम एकटा करत होतो. असे दोन महिने गेले तर घर, असं मनात येत होतं. इतक्यात विजय साजरा करायला कप्तानांनी दोन्ही तोफा डागल्या. उरलेला कळप बुडी मारून गेला तो गेलाच. मग घंटा का वाजली नाही म्हणून त्यांनी तिकडे पाहिलं, तर आत लोलकच नव्हता.

सगळ्यांना डेकवर उभं केलं. कप्तान आरमारी कोट चढवून आले, कमरेला तलवार लावून.

"लोलक कुणी चोरला? फ्रिगेटशी झुंजलेल्या जहाजावर चोर? मी एकेकाची चामडी लोळवीन!"

खलाशांची खरंच पाचावर धारण बसली. ही बहुतेक तरुण पोरं, युद्धात नव्हती. पेलिंग म्हणजे चाळीस तोफांसमोर न हललेला माणूस, एवढंच त्यांना ठाऊक. त्या लढाईमुळेच तर कुणी त्यांच्यापुढे तोंड उघडत नसे. वर्थला हे पक्कं माहीत होतं. तो पुढे आला.

"साहेब, मालकाने तुम्हाला तेलासाठी पाठवलंय. आज घंटा नव्हती तर तीन मासे मिळाले. इथून पुढे शिकारीचं मी बघतो, तुम्ही केबिनमध्ये बसा. पोरांनो, माझ्याबरोबर कोण?"

कुणी हललं नाही. सगळे त्या तलवारीकडे बघत होते.

"हे घाबरतात ते तुमच्या लढाईला," वर्थ म्हणाला. "मागच्या महिन्यात ते दुसरं जहाज भेटलं ना, त्याचा कप्तान फ्रान्समध्ये कैदी होता. तो म्हणतो, तिथे एक खडक आहे आणि तिथले कोळी त्याला 'इंग्रजांचा शत्रू' म्हणतात. त्यावर तोफगोळ्यांच्या खुणा आहेत. खरं का हो, साहेब?"

कप्तान लाल झाले. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ट्रंडल! तू होतास. सांग यांना."

"हो, ट्रंडल," वर्थ हळूच म्हणाला. "तूच सांग. कशावर मारत होतात रे तुम्ही?"

पाणकावळा माझ्या डोळ्यांसमोर होता, पंख पसरून बसलेला. 'खडक' एवढं म्हटलं असतं तर वर्थने जहाज हातात घेतलं असतं, वर्षभरात पिंपं भरली असती आणि मी घरी गेलो असतो. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला चुलीवरचा तो कागद दिसला. डॉर्कस माझं बोट धरून बसलेली दिसली. खडकाने कुणी जखमी होत नाही. मग ती कुणाची पोर राहिली असती?

"फ्रिगेट होती," मी म्हणालो. "चाळीस तोफांची." आणि वर, न विचारता, बोटही दाखवलं.

पोरांनी टोप्या काढल्या. एकाने तर जयजयकार केला. वर्थ पाठ फिरवून भट्टीकडे गेला. लोहाराने दोन दिवसांत नवा लोलक घडवला, पहिल्यापेक्षा जड.

न्यूझीलंडला पाणी भरायला थांबलो तेव्हा वर्थ आणि चांगले भालेकरी तेलाने भरलेल्या दुसऱ्या एका जहाजावर निघून गेले. ते जहाज सरळ लंडनला चाललं होतं. होडीत बसताना तो मला म्हणाला, "तिथे पिंपवाल्याची जागा होती रे. लढवय्याची नाही." कप्तानांनी त्या दिवसापासून मला आपल्या टेबलाशी जेवायला बसवलं, आणि दर रविवारी मटारच्या सूपबरोबर मला ती लढाई नव्याने ऐकावी लागली.

पुढची अडीच वर्षं आम्ही घंटा वाजवत पॅसिफिकभर हिंडलो. आमच्यामुळे जेवढे देवमासे वाचले तेवढे देवानेही वाचवले नसतील. अखेर कप्तान ठार बहिरे झाले, रोजच्या त्या तोफेजवळ उभे राहून राहून. मग आम्ही घंटेत चिंध्या कोंबल्या. पहारेकरी नुसता हात हलवायचा, कप्तान समाधानाने मान डोलवायचे आणि चौदा महिन्यांत सगळी पिंपं भरली. शेवटचं म्हणून जे पिंप उघडलं त्यात जुना लोलक निघाला. मी तो समुद्रात फेकला.

निघाल्यापासून साडेपाच वर्षांनी मी रॉदरहाइथला घराचं दार वाजवलं. दार उघडलं ती एक उंच तरुणी होती. डोक्यावर पांढरी टोपी, केस सगळे वर बांधून आत घेतलेले, मोठ्या बाया बांधतात तसे. कमरेपर्यंत कधी आले, किती महिने मोकळे सुटले, कुणी त्यांची वेणी घातली, काही कळायला मार्ग नव्हता. ती बाजूला झाली आणि अगदी अदबीने म्हणाली, "या, बसा." केझायाने मिठी मारली तेव्हा ती दाराशीच उभी होती.

चहा झाला. चुलीवर तो कागद होता, पिवळा पडलेला. मी माझं बोट टेबलावर ठेवलं.

"डॉर्कस, फ्रिगेटची गोष्ट सांगू?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. केझाया उगाच चूल सारखी करायला लागली.

"सांगा ना," डॉर्कस म्हणाली.

मला काय झालं कुणास ठाऊक. "खडक होता तो," मी म्हणालो. "फ्रिगेट-बिगेट काही नव्हती. बोट माझ्याच हातून तुटलं."

"हो, माहीत आहे, बाबा."

"माहीत आहे?"

"तुमच्याच जहाजावर शिडं शिवणाऱ्या नोक्सकाकांनी गुत्त्यात सांगितलं होतं ना, तुम्ही लढाईहून आलात त्याच आठवड्यात. सगळ्या रॉदरहाइथला माहीत आहे. मला आईने सांगितलं, मी पाच वर्षांची होते तेव्हा."

"मग तू दर वेळी गोष्ट का मागायचीस?"

तिने माझं बोट बघितलं, पण हातात घेतलं नाही.

"तुम्ही सांगताना इतके खूश असायचात," ती म्हणाली, आणि कप उचलून आत विसळायला गेली.