उदयसिंहाच्या हृदयाची झडप

तपासणीच्या टेबलावर उघड्या छातीनं, डाव्या कुशीवर झोपलेला माणूस उदयसिंह आहे, हे डॉक्टर अनुजानं कागदावरचं नाव वाचण्याआधीच ओळखलं. ज्याचं वाटोळं व्हावं म्हणून तिनं बारा वर्षं देव पाण्यात ठेवले होते, तो स्वतःच्या पायानं तिच्या दारात आला होता.

बारा वर्षांपूर्वी, विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी भर दुपारी तिच्या वडिलांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स शिवाजी पेठेत याच्या मंडळामागं अडकली. मंडळ बाजूला सरलं की रांगेतला नंबर जातो, मागचं मंडळ पुढं घुसतं. अनुजा गाडीतून उतरून याच्यापुढं हात जोडून उभी राहिली. "नंबर सोडत न्हाय," एवढं बोलून यानं पाठ फिरवली. चाळीस मिनिटं गेली, आणि वडील गाडीतच गेले. पुढं ती हृदयाची डॉक्टर झाली. लोक म्हणतात, सेवाभाव. कसला सेवाभाव, राग होता तो.

"सगळं बरं हाय असं लिवा बगा," उदयसिंह म्हणाला. "परवा जोतिबाची यात्रा. आमची सासनकाठी चार पिढ्या आमच्याच घरात हाय. सरावात जरा भोवळ आली, तर मंडळींनी धरून आणलं."

घरापेक्षा उंच, निशाण बांधलेला तो बांबू पेलून नाचवायचा म्हणजे रेड्याचं बळ लागतं. अनुजानं त्याच्या छातीवर यंत्र टेकवलं. पडद्यावर हृदय हलू लागलं.

"बघा," ती म्हणाली. "हा डावा कप्पा. फुप्फुसातनं आलेलं ताजं रक्त यात भरतं. मग कप्पा मूठ आवळल्यागत आवळतो, ही झडप उघडते, रक्त सगळ्या अंगाला जातं, झडप मिटते. दिवसाला लाखभर वेळा. रक्तानं माघारी यायचं नाही आणि झडपेनं वाट अडवायची नाही, एवढाच कायदा. तुमची झडप रुपयाच्या नाण्याएवढी उघडायला पाहिजे. उघडते हरभऱ्याएवढी. कप्पा बिचारा जीव तोडून ढकलतोय, भिंत जाड झाली त्याची. आणि पुढचा हटत नाही."

मग तिनं ॲम्ब्युलन्सचं सगळं सांगितलं. तारखेसकट.

उदयसिंहानं जरा आठवून पाहिलं. "ध्यानात न्हाय ओ, मॅडम. दर साली एखादी गाडी अडकतीच की."

अनुजानं यंत्र बाजूला ठेवलं. ज्या दुपारीनं तिचं आयुष्य पोखरलं, ती याच्या लक्षातसुद्धा नव्हती. रिपोर्टात 'सगळं ठीक' लिहिलं की परवा डोंगरावर हा काठीसकट कोसळणार. कुणी विचारलंच तर दोष यंत्रावर ढकलता येईल. तिनं लिहायला सुरुवातही केली.

पण काठी हातात असताना मेला, तर पेठेत चौकाचौकांत याचे फ्लेक्स लागतील. देवाच्या दारात गेला, भाग्यवान म्हणतील. याच्या मरणाचं सोनं ती कशाला करेल? तिनं लिहिलेलं पुसलं आणि खरं ते लिहिलं.

"झडप बदलावी लागेल, याच आठवड्यात. काठीला हात लावायचा नाही. यंदा नाही, पुढंही नाही."

तो उठून बसला. "एक डाव जाऊ द्या. घरात सांगू नगासा. पाया पडतो तुमच्या."

अनुजानं दार उघडलं. बाहेर त्याची बायको अंबूबाई आणि तालमीतले चौघेजण बसले होते. तिनं रिपोर्ट मोठ्यानं वाचून दाखवला. एकेक ओळ सावकाश.

अंबूबाईनं डोळे पुसले. "काठी राजवीर भावजींकडं जाऊ दे. माणूस ऱ्हायला म्हंजे झालं."

राजवीर म्हणजे धाकटा भाऊ, ज्याचं तोंडही उदयसिंह बघत नव्हता. तालमीतल्या एकानं तिथंच त्याला फोन लावला. "आत्ता या, दादा. सराव धरायला पायजे." चौघांपैकी कुणीही उदयसिंहाकडं पाहिलं नाही. तो शर्टाची बटणं लावत होता, आणि ती लागत नव्हती.

अनुजाला बरं वाटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा, अगदी पोटातून बरं वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

सगळे बाहेर पडले. उदयसिंह दारातून माघारी आला. चेहरा पार उतरला होता.

"तुमच्या वडलांचं नाव काय म्हणायचं?" त्यानं हळू विचारलं. "तितं डोंगरावर त्यांच्या नावानं नारळ तरी फोडीन."

नाव तिच्या ओठांवर आलं होतं.

"नाव सांगत न्हाय," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.