चटई कुणी उचलायची

कोर्टाची तारीख होती त्याच दिवशी भल्या पहाटे फुआतिनो चूल पेटवायला उठली, तर अंगणात चटई बसलेली.

चटई पसरलेली नव्हती, बसलेलीच होती. मधोमध फुगलेली, आजूबाजूला चार टेंगळं आलेली, आणि खालच्या कडेनं पावलं बाहेर. त्यातली दोन पावलं तिनं चटकन ओळखली. उजव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट नसलेला माणूस साऱ्या किनाऱ्यावर एकच होता. तिचा मावसभाऊ पेनितालो.

"अवं, उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "पेनीदादा माफी मागाय आलाय. चारी पोरास्नी घिऊन."

लोतोमाऊ जागाच होता. घर नुसतं खांबांवरचं, भिंत म्हणून नाही, त्यामुळं पडल्या पडल्या त्यानं सगळं बघितलं होतं. तो कुशीवर वळला.

"बसंना का. चार म्हैन्यांनी आलाय, वरातीमागनं घोडं. आनी येक घटका बसला म्हून काय मरत न्हाई."

आता रीत अशी, की ज्याच्या हातनं वाईट घडलं त्यानं सूर्य वर यायच्या आत घरातली सगळ्यांत भारी, वाडवडलांपासूनची मऊ चटई डोक्यावर घ्यायची आणि ज्याचं वाईट झालं त्याच्या दारात जाऊन बसायचं. घरचे सगळे बाप्ये बरोबर. मग घरधन्यानं मनात आलं तर कोयता घालावा, नाहीतर चटई उचलून माणसाला घरात घ्यावं, कोको पाजावा. एकदा चटई उचलली की मिटलं. त्या गोष्टीचा परत तोंडातनं शब्द काढायचा नाही, अगदी मरेपर्यंत. आजवर सावाई बेटावर कित्येक खून असे चटईखाली मिटले, आणि ते बरंच झालं म्हणायचं.

पण ही रीत त्याच दिवशी पाळायची असते. पेनितालोनं चार महिने काय केलं होतं? काही नाही. खोबरं वाळवायची भट्टी त्याची, लोतोमाऊ तिथं जाळ घालायच्या कामाला. एकापुढं एक लोखंडी पिंपं जोडलेली, आत जाळ, वर खोबरं. दुसरं पिंप गंजून चाळण झालेलं. लोतोमाऊनं तीनदा सांगितलं, मालक, पिंप बदला. तिन्ही वेळा पेनितालो म्हणाला, दाजी, पुढच्या बोटीला आणतो. बोटी येत राहिल्या, पिंप काही आलं नाही. एका सोमवारी पिंपाचं तोंड सुटलं आणि पेटत्या करवंट्यांचा लोट लोतोमाऊच्या अंगावर आला. तोंड वाचवायला त्यानं उजवा हात आडवा धरला. तोंड वाचलं. हात कोपरापर्यंत भाजला, आणि भरून आला तो बोटं तळव्याला चिकटवूनच. मूठ वळलेली ती वळलेलीच. कोयता धरता येईना, नारळ खवता येईना, शर्टाची गुंडी लागेना.

राजधानीच्या, आपियाच्या डॉक्टरनं सांगितलं, न्यूझीलंडात शस्त्रक्रिया केली तर अंगठा आणि तीन बोटं मोकळी होतील, पण वर्षाच्या आत. मग लोतोमाऊनं दावा लावला. आणि पेनितालोनं, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या माणसानं, लेखी जबाब दिला की पिंप धडधाकट होतं, लोतोमाऊनंच जाळ नको तितका घातला. चोराच्या उलट्या बोंबा. लोतोमाऊला हाताच्या आगीपेक्षा ह्या जबाबाची आग जास्त झाली.

उजाडता उजाडता कोर्टाच्या गावातनं वकीलबाईंचा फोन आला. फुआतिनोनं अंगणात काय बसलंय ते सांगितलं, तशा बाई पलीकडून जवळजवळ उभ्याच राहिल्या असाव्यात.

"चटईला हात लावू नका! तुम्ही माफ केलंत की न्यायाधीश म्हणतील, आता भरपाई कसली? दहा वाजता कोर्टात हजर व्हा. तुम्ही आला नाहीत तर दावा काढून टाकतील. कळलं?"

"कळलं, बाई," फुआतिनो म्हणाली. तिनं काल उकडलेला नीरफणस नवऱ्यापुढं ठेवला, शर्टाच्या गुंड्या लावून दिल्या आणि दोघं चटईला वळसा घालून रस्त्याला लागली. चटईखालून कुणीतरी खोकलं.

कोर्ट चोवीस मैलांवर. सातची बस गाठायची. साडेसात झाले, बस नाही. आठ वाजले. रस्त्यावर एक डुक्कर आपल्या पिलांना घेऊन निवांत चाललं होतं, बाकी सगळीकडं शुकशुकाट.

"बस का येईना हो?" फुआतिनोनं विचारलं.

लोतोमाऊनं जरा विचार केला, आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. बस पेनितालोची. चालवणारा त्याचा थोरला पोरगा सिआओसी. ट्रकही पेनितालोचा, तो धाकटा चालवतो. गावात चाकं असलेलं जे काही होतं ते पेनितालोचं होतं, आणि ते चालवणारं जे कोणी होतं ते लोतोमाऊच्याच अंगणात चटईखाली बसलं होतं.

तरातरा दोघं माघारी आली. अंगणात ऊन चढलं होतं. खाली काळ्या दगडांचा चुरा, तो तापायला लागलेला. शेजारची माणसं आपापल्या घरात मांड्या घालून मिटक्या मारत बघत होती.

"सिआओसी," लोतोमाऊ चटईपुढं उभा राहून म्हणाला. "बस काढ."

"न्हाई जमायचं, काका," डावीकडचं टेंगूळ म्हणालं. "चटईखालनं निघता येत न्हाई. तुमी उचला, लगीच काढतो."

"म्या उचलली तर कोर्टात जाऊन करू काय?"

"त्ये बी खरंच हाय."

"पेनी, ह्ये तू ठरवून केलंस," लोतोमाऊ म्हणाला.

मधलं टेंगूळ डावीउजवीकडं हललं. मग म्हणालं, "देवाशप्पत न्हाई, दाजी. बसचं माज्या ध्यानातच न्हाई आलं. काल पाद्रीबाबा बोललं, कोर्टात बायबलावर हात ठिवून बोलावं लागतं. मंग रातभर झोप न्हाई आली. म्हनलं त्याच्या आदी जाऊन बसावं." मग बहिणीला, "ताई, वाईच पानी दे की."

"आनी कोर्टाला ल्हिऊन दिल्यालं खोटं?" फुआतिनो म्हणाली. "त्ये गिळाय देऊ का पानी?"

भावाशी ती असं आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती. पण पाणी काही तिनं दिलं नाही.

लोतोमाऊ अंगणात एक फेरी मारून आला. चोवीस मैल, उन्हाचं, दोन तासांत. माफी द्यावी तर हात जातो. न द्यावी तर दावा जातो, म्हणजे परत हातच जातो. तो उकिडवा बसला आणि चटईच्या कडेशी तोंड नेऊन म्हणाला, "पेनी, चटई उचलायची न्हाई, ह्ये खरं. पर चटईनं हलायचं न्हाई असं कुटं हाय?"

ह्यावर चटईखाली कुजबुज झाली. असं कुणी केलेलं आठवत नव्हतं, पण करू नये असंही कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि मग सगळ्या गावानं बघितलं. दहा पायांची चटई वाकून वाकून चालत रस्त्यानं गेली, पुढं फुआतिनो, "खड्डा हाय, जपून" म्हणत. बसमध्ये चढताना ती दारात अडकली, तिरकी करून आत घेतली. सिआओसी चाकापाशी बसला, चटईचा एक कोपरा त्याच्या डोक्यावर, बाकीचे त्याच्या मागं दाटीवाटीनं. वाटेत लोक चढायचे, चटई बघायचे, मान खाली घालून गुपचूप मागं जाऊन बसायचे. एक म्हातारी मात्र चटईजवळच टेकली.

"कुनाला मारलंस रं?" तिनं विचारलं.

"मारलं न्हाई, आजी. भाजलं," आतून आवाज आला.

"मंग तोंड लपवून काय व्हतंय? कोंबडं झाकलं म्हून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय?" म्हातारी म्हणाली आणि मोसंबं सोलायला लागली.

कोर्टात दहाला पाच कमी असताना चटई पोचली. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. न्यायाधीश जाडजूड, शांत माणूस, बेटावरचाच. त्यानं चष्मा पुसला, परत घातला.

"प्रतिवादी पेनितालो हजर आहेत का?"

"हाय, साहेब," चटई म्हणाली.

"हे तेच कशावरून?"

"पाय बगा, साहेब," फुआतिनो म्हणाली. "बोट न्हाई."

न्यायाधीशानं मेजावरून वाकून पाय बघितला आणि लिहून घेतलं. मग म्हणाला, "पण शपथ घ्यायची तर चेहरा दिसला पाहिजे. शिपाई, चटई काढा."

शिपाई जागचा हलला नाही. "साहेब, मी इथलाच आहे. मला इथंच मरायचंय."

न्यायाधीशालाही ते पटलं असावं. तो लोतोमाऊकडं वळला. "चटई फक्त तुम्हीच उचलू शकता. ह्या कोर्टात ती माफी धरली जाणार नाही, हे मी लिहून देतो. नुसतं तोंड दिसेपर्यंत वर करा."

वकीलबाईंनी मान डोलावली. लोतोमाऊ पुढं आला. उजवा हात चटईच्या कडेला नेला. वळलेली मूठ कडेवर घासली आणि निसटली. परत नेली, परत निसटली. जुनी, मऊ, बोटांच्या चिमटीतच येईल अशी ती चटई, आणि चिमूट तर होतच नव्हती. मनगटानं रेटून बघितलं. कपाळावर घाम आला. कोर्टात बसलेली माणसं आधी हसू दाबत होती, ती आता मान पुढं काढून बघायला लागली.

"डाव्या हातानं उचला," न्यायाधीश हळूच म्हणाला.

"डाव्याचं काय बिगडलंय, साहेब?" लोतोमाऊ म्हणाला. "त्याची काय तक्रारच न्हाई. ज्याचं वाटुळं झालं, उचलायची तर त्यानंच."

आणि तो परत उजव्यानंच करायला लागला. आतल्याला दिसत काहीच नव्हतं. पण डोक्यावर एकसारखी खरखर ऐकू येत होती, ती कडेपर्यंत यायची आणि खाली घसरायची. पाचव्यांदा, सहाव्यांदा. सातव्यांदा घसरली तशी चटई हुंदका देऊन थरथरायला लागली.

"पुरं करा, दाजी," पेनितालो आतून म्हणाला. "साहेब, पिंप सडल्यालं व्हतं. ह्यानं तीनदा सांगितलं. मला ठावं व्हतं. पैका वाचवाय म्या त्ये न्हाई बदललं. जबाब खोटा हाय. काय ल्हियाचं त्ये ल्हिवा."

न्यायाधीशानं लिहिलं. चेहरा न बघता घेतलेला कबुलीजबाब कायद्यात बसतो की नाही, ह्यावर त्यानं छताकडं बघून थोडा विचार केला आणि पुढं लिहिलं. शस्त्रक्रियेचा, जाण्यायेण्याचा, बुडलेल्या मजुरीचा सगळा खर्च पेनितालोनं द्यायचा. मग लेखणी ठेवून म्हणाला, "आता तरी उचलणार का?"

"उचलीन की," लोतोमाऊ म्हणाला. "हात आल्यावर."

तर त्या निकालानं पेनितालोचा ट्रक गेला. बस राहिली, तीही न्यूझीलंडच्या विमानाला लोतोमाऊला पोचवायच्या कामी आली, म्हणजे बोटीच्या धक्क्यापर्यंत. आणि तो तिकडं असताना दर शनिवारी पहाटे पेनितालो एकटाच येऊन रिकाम्या अंगणात चटईखाली बसायचा. लोक म्हणाले, येडा झाला. फुआतिनो म्हणायची, बसू दे, सवय ऱ्हाईल. पण चौथ्या शनिवारी तिनं पाण्याचा तांब्या चटईच्या कडेशी ठेवला आणि तोंड फिरवून आत आली.

पुऱ्या दोन महिन्यांनी लोतोमाऊ परतला. पट्टी निघालेली, हात लाल, चट्ट्याचट्ट्यांचा. अंगठा आणि दोन बोटं हलत होती. तिसरं काही आलं नाही. शनिवार उजाडायची वाट बघत तो रातभर पडून राहिला. पहाटे चटई आली, बसली. तो उठून अंगणात गेला, वाकला आणि चटईच्या कडेला चिमूट लावली.

पहिल्यांदा निसटली. परत धरली. तेवढ्यात चटई आपसूकच वर यायला लागली. आतून पेनितालो डोक्यानं हळूच रेटा देत होता.

"डोस्कं खाली घे, पेनी," लोतोमाऊ म्हणाला. "माजं मला उचलू दे."

डोकं खाली गेलं. लोतोमाऊनं दात आवळले, चिमटीत कड पकडली आणि चटई वर केली. खालून पेनितालोचं तोंड निघालं, घामानं आणि रडण्यानं भिजलेलं, आणि कितीतरी दिवसांनी ते त्यानं धड बघितलं.

फुआतिनोनं कोकोचे दोन वाडगे आणले. लोतोमाऊनं आपला उजव्या हातात घेतला. पेनितालो त्या हाताकडं बघत राहिला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "हात कसा हाय आता?"

लोतोमाऊनं कोकोचा घोट घेतला. पोळला, तोंड वाकडं केलं.

"कंचा हात?" तो म्हणाला.